लिव्हरचा नंबर कायम शेवटी: ब्रिटनमधल्या हिमोफिलियाच्या पोरांचं प्रकरण

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. रोजचं काम म्हणजे आलेल्या प्रत्येक पिशवीच्या पाच टेस्ट, एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, सिफिलिस आणि मलेरिया, पाचही निगेटिव्ह आल्याशिवाय पिशवी बाहेर जात नाही. नवीन मुलंमुली कामाला लागली की एचआयव्हीच्या किटला घाबरून असतात, दोनदोनदा बघतात, आणि सीच्या किटकडे मात्र उरकून टाकायचं काम असल्यासारखं बघतात. तेव्हा मी त्यांना बसवून ब्रिटनमधलं हे प्रकरण सांगते. इथे पूर्ण लिहून काढतेय कारण एचआयव्ही आणि हिपॅटायटीस सी एकाच माणसात आले तर लिव्हरचं काय होतं, आणि त्या लिव्हरकडे सगळे मिळून किती वर्षं दुर्लक्ष करू शकतात, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

हॅम्पशायरमध्ये आल्टन गावाजवळ ट्रेलोर नावाची निवासी शाळा आहे, अपंग मुलांसाठीची. १९७० च्या दशकात तिथे हिमोफिलियाची बरीच मुलं होती, कारण शाळेच्या आवारातच सरकारी हिमोफिलिया सेंटर होतं. हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणारा एक फॅक्टर अंगात नसतो किंवा फार कमी असतो, बहुतेकांना आठ नंबरचा, काहींना नऊ नंबरचा. त्रास जवळजवळ सगळा मुलग्यांना. कापल्यावर भळाभळा रक्त वाहणं हा त्यातला छोटा भाग, खरा त्रास आतल्या आत असतो, गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त साकळतं, सांधा टम्म फुगतो, पोरगं रात्रभर ओरडतं आणि काही वर्षांत पाय वाकडा होऊन बसतो. अशा घरातल्या आईबापांना शाळेतच दवाखाना म्हणजे केवढा आधार वाटला असेल, आपल्याकडे असं घर बघितलेल्या कुणालाही ते कळेल.

त्याआधी उपचार काय होता, तर क्रायो. १९६० च्या दशकात अमेरिकेत ज्यूडिथ पूल यांनी शोधलं की गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, हळूहळू वितळवला की तळाशी जो साका राहतो त्यात आठ नंबरचा फॅक्टर भरपूर असतो. आम्ही आजही क्रायो बनवतो. एका दात्याची एक पिशवी, म्हणजे पेशंटला एका वेळी पाचदहा जणांचं रक्त लागतं, धोका असतो पण मर्यादित. १९७३ पासून ब्रिटनमध्ये कंपन्यांचं कॉन्सन्ट्रेट मिळायला लागलं, पावडरची छोटी बाटली, घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची, पाण्यात मिसळून स्वतःच टोचायची. दवाखान्याच्या फेऱ्या संपल्या, पोरं शाळेत जायला लागली, ट्रिपला जायला लागली. पण ती पावडर बनवायला हजारो, कधी कधी दहादहा हजारांच्या वर लोकांचा प्लाझ्मा एकाच टाकीत ओतायचे. आणि त्यातला पुष्कळसा अमेरिकेत पैसे देऊन विकत घेतलेला, तुरुंगातल्या कैद्यांकडूनसुद्धा. टाकीत एक दाता व्हायरसवाला असला की अख्खा लॉट गेला. रक्तपेढीत काम करणाऱ्याच्या अंगावर हे वाचून काटा येतो, कारण आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की पैसे देऊन घेतलेलं रक्त सगळ्यात धोक्याचं.

लोकांना वाटतं की हे प्रकरण एड्सपासून सुरू झालं. तसं नाहीये, सुरुवात लिव्हरपासून झाली होती. १९७४-७५ मध्येच बोर्नमथला कंपनीचं फॅक्टर घेतलेल्या पेशंटमध्ये काविळीची साथ आली आणि ते तेव्हाच्या मेडिकल जर्नलमध्ये छापूनही आलं. त्यातली काही बीची होती, पण बरीचशी ए नाही आणि बी नाही अशी, आणि असल्या काविळीला नावच पडलं 'नॉन ए नॉन बी'. पोरांच्या रक्तात लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसायची, पोरगं वरवर बरं असायचं, म्हणून कागदावर लिहायचे सौम्य आहे. १९७८ मध्ये शेफील्डच्या डॉक्टरांनी हिमोफिलियाच्या पेशंटच्या लिव्हरचे तुकडे काढून तपासले. हिमोफिलियात बायोप्सी म्हणजे जिवाशी खेळ, आधी फॅक्टर भरपूर देऊन मगच सुई घालायची. तर त्या तुकड्यांत जुनाट हिपॅटायटीस आणि सिऱ्होसिससुद्धा, म्हणजे लिव्हर कायमचं कडक होऊन बसणं, सापडला, आणि तोही ज्यांना काहीच होत नव्हतं अशांमध्ये. १९८५ मध्ये त्याच शेफील्डच्या लोकांनी परत लिहिलं की हिमोफिलियातला लिव्हरचा आजार वाढत जाणारा आहे आणि आपण तो कमी लेखतोय. ऐकलं कुणी नाही. कारण तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यासमोर दुसराच राक्षस उभा होता.

एचआयव्हीची टेस्ट १९८४-८५ च्या सुमारास आली आणि साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले गेले. ट्रेलोरच्या मुलांना निकाल कसा सांगितला हे पुढे चौकशीत बाहेर आलं. पाच मुलांना एका खोलीत एकत्र बोलावलं आणि एकेकाकडे बघून सांगितलं, तुला आहे, तुला नाही, तुला आहे. आईबाप जवळ नाहीत, मुलं पंधरासोळा वर्षांची. हे मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा गळा भरून येतो. आज आपल्या आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, मोठ्या माणसाला रिपोर्ट सांगायचा तरी काउन्सेलर दार लावून एकट्याला बसवते, आधी बोलते, नंतर बोलते.

पूर्ण ब्रिटनमध्ये रक्तस्रावाच्या आजाराच्या साधारण १,२५० लोकांना एचआयव्ही झाला, त्यात सुमारे ३८० लहान मुलं. आणि या सगळ्यांना जवळपास न चुकता हिपॅटायटीस सीसुद्धा होताच, कारण बाटली तीच होती, उलट सी त्यांच्या अंगात एचआयव्हीच्या आधीच येऊन बसला होता.

मग बाटल्या गरम करायला सुरुवात झाली, एचआयव्ही उष्णतेने मरतो म्हणून. पण कंपन्यांच्या सुरुवातीच्या पद्धतींमध्ये एवढीच उष्णता होती की एचआयव्ही मरेल, काविळीचा व्हायरस मरेलच याची खात्री नव्हती. १९८५ मध्ये एल्स्ट्रीच्या सरकारी लॅबने ८० डिग्रीला ७२ तास सुकं तापवलेलं आठ नंबरचं फॅक्टर आणलं आणि त्यात दोन्ही व्हायरस मेले. म्हणजे काविळीचा व्हायरस मारता येतो हे करून दाखवता आलं. हेच आधी, काविळीसाठी म्हणून, नेट लावून केलं असतं तर एचआयव्हीसुद्धा आपोआप बाहेर राहिला असता. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. लिव्हर वाचवायला निघाले असते तर पोरं एड्सपासून वाचली असती.

१९८९ मध्ये नॉन ए नॉन बी चा व्हायरस शेवटी सापडला, मायकल हाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला, त्याला हिपॅटायटीस सी नाव मिळालं, आणि २०२० मध्ये हार्वी ऑल्टर, हाउटन आणि चार्ल्स राइस यांना त्यासाठी नोबेल मिळालं. जपानने १९८९ मध्येच दात्यांची तपासणी सुरू केली, अमेरिकेने १९९० मध्ये, ब्रिटनने सप्टेंबर १९९१ मध्ये.

आता तारखांकडे नीट बघा. एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाच्या लोकांनी सरकारवर दावा लावला होता, तो १९९०-९१ मध्ये तडजोडीने मिटला, ४ कोटी २० लाख पौंडांवर. पैसे हवे असतील तर एका कागदावर सही करायची होती की यापुढे एचआयव्हीबद्दल किंवा हिपॅटायटीसबद्दल सरकारवर परत केस करणार नाही. हिपॅटायटीसबद्दलसुद्धा! सही करणाऱ्यांपैकी कित्येकांना आपल्याला हिपॅटायटीस सी आहे हे तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. टेस्ट होत होत्या, साठवलेल्या रक्तावर होत होत्या, न विचारता होत होत्या, आणि निकाल पेशंटला काही वर्षांनी कळत होता, कुणाला पत्राने, कुणाला दुसऱ्याच कामासाठी गेल्यावर सहज बोलता बोलता. माणूस मरणाच्या दारात उभा, घरी बायकोपोरं, त्याने सही केली. कोण नाही करणार? आणि त्या सहीने त्याचं लिव्हर कायद्याच्या बाहेर गेलं.

दोन व्हायरस एकत्र आले की लिव्हरमध्ये नक्की काय बिघडतं ते जरा समजून घेऊ, कारण बऱ्याच जणांना वाटतं की दोन आजार शेजारी शेजारी राहतात आणि आपापलं काम करतात. नुसता सी असेल तर लिव्हर साधारण वीसतीस वर्षं हळूहळू चिवट होत जातं, आणि सगळ्यांचंच सिऱ्होसिसपर्यंत जातं असंही नाही. एचआयव्ही आला की सीडी४ पेशी कमी होतात, म्हणजे सीवर वचक ठेवणारी फौजच गेली, रक्तात सीचं प्रमाण वाढतं. दुसरं, एचआयव्ही आतड्याच्या भिंतीतली संरक्षण यंत्रणा पहिल्यांदा पोखरतो, त्यामुळे आतड्यातल्या जंतूंचे तुकडे झिरपून पोर्टल शिरेतून थेट लिव्हरमध्ये येतात, लिव्हरच्या पेशी सतत चिडलेल्या राहतात आणि जखमेवर खपली धरावी तसे तंतू विणत बसतात. जिथे तीस वर्षं लागली असती तिथे पंधरातच काम तमाम, आणि वर दारू असेल किंवा सीडी४ २०० च्या खाली असेल तर आणखी लवकर. वेगवेगळ्या अभ्यासांची बेरीज करून २००१ मध्ये जे निघालं ते असं की दोन्ही असलेल्यांत गंभीर लिव्हर रोगाचा धोका नुसत्या सीवाल्यांच्या जवळपास तिप्पट.

ब्रिटनच्या हिमोफिलियावाल्यांवरचा स्वतंत्र मोठा अभ्यास १९९७ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला, साडेचार हजारांहून जास्त पुरुष आणि मुलं. दूषित फॅक्टर पहिल्यांदा मिळाल्यापासून २५ वर्षांत लिव्हरने मरायचा धोका, एचआयव्ही नसलेल्यांत १.४ टक्के आणि एचआयव्ही असलेल्यांत ६.५ टक्के. औषध तेच, देश तोच, आजार तोच, फरक फक्त एका जादाच्या व्हायरसचा. ज्यांना मोठ्या वयात दूषित फॅक्टर मिळालं त्यांच्यात तर आकडा याहून बराच वर. आमच्याकडच्या नवीन मुलामुलींना हा टेबल दाखवला की मग ती सीच्या किटकडे नीट बघायला लागतात.

हिमोफिलियाच्या माणसाचं लिव्हर निकामी होणं हे आणखी वेगळं संकट आहे. सिऱ्होसिसमध्ये पोर्टल शिरेत दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखाद्या रात्री फुटतात, माणूस रक्ताची उलटी करतो. प्लीहा मोठी होऊन प्लेटलेट खाते. लिव्हर बाकीचे गोठवणारे फॅक्टर बनवणं बंद करतं. पोटात पाणी होतं, डोक्यावर परिणाम होतो, माणूस बरळायला लागतो. हे सगळं अशा माणसात, ज्याचं रक्त मुळातच गोठत नाही. त्यातून लिव्हर किती खराब झालंय हे मोजायचं कसं, बायोप्सी तर करायची भीती, म्हणून कित्येकांचा आजार कुठल्या टप्प्यावर आहे हेच कळत नव्हतं. फायब्रोस्कॅन मशीन २००३ च्या आसपास यायला लागलं, पोटाच्या बाजूला नुसता धक्का देऊन लिव्हरचा कडकपणा मोजतं, सुई नाही काही नाही, या लोकांसाठी तो देवासारखा आला. आणि मदत मात्र टप्प्यावरच अवलंबून! २००४ मध्ये सीवाल्यांसाठी सरकारी फंड सुरू झाला, सुरुवातीला २० हजार पौंड, आणि सिऱ्होसिस, लिव्हर कॅन्सर किंवा ट्रान्सप्लांटपर्यंत पोचलात तर आणखी २५ हजार. म्हणजे लिव्हर पुरेसं सडलंय हे सिद्ध करायचं, आणि सिद्ध करायची जुनी पक्की टेस्ट म्हणजे बायोप्सी, तीच जिवावर बेतणारी.

१९९६ पासून एचआयव्हीची तीन औषधांची ट्रीटमेंट आली आणि एड्सने होणारे मृत्यू धाडकन खाली आले. जे तोवर जगले होते त्यांना वाटलं सुटलो. मग लिव्हरने डोकं वर काढलं. शिवाय तेव्हाची काही एचआयव्हीची औषधं स्वतःच लिव्हरला जड होती, डिडॅनोसिन, स्टॅव्हुडिन, नेव्हिरॅपिन. सीसाठी तेव्हा इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या, बहुतेकदा ४८ आठवडे, ताप, अंगदुखी, केस गळणं, आणि इतकं खोल नैराश्य की घरच्यांना माणूस ओळखू येत नसे. रिबाव्हिरिन आणि डिडॅनोसिन एकत्र दिलं तर लॅक्टिक ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल वाढून पेशंट दगावू शकतो, झिडोव्हुडिन या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधाबरोबर दिलं तर हिमोग्लोबिन कोसळतं. एवढं सोसून २००४ मध्ये छापून आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये दोन्ही व्हायरस असलेले फक्त ४० टक्के लोक सीमुक्त झाले, आणि जेनोटाइप एक, म्हणजे सीचा एक नंबरचा उपप्रकार, असलेले तर २९ टक्केच. म्हणजे जेनोटाइप एकवाले वर्षभर नरकात राहून दहातले सातजण परत होते तिथेच.

ट्रान्सप्लांटचा विषय तर फारच चटका लावणारा आहे. आठ नंबरचा फॅक्टर मुख्यतः लिव्हरमध्ये तयार होतो, त्यामुळे हिमोफिलियाच्या माणसाला नवीन लिव्हर बसवलं की त्याचा हिमोफिलियाच बरा होतो, जन्मापासूनचा. १९८० च्या दशकात पिट्सबर्गमध्ये हे दिसलं. पण एचआयव्ही असलेल्याला ट्रान्सप्लांटच्या यादीत घ्यायलाच बरीच वर्षं बहुतेक ठिकाणी नकार होता, आणि पुढे ज्यांना मिळालं त्यांच्या नव्या लिव्हरमध्ये सी पुन्हा शिरायचा आणि आधीपेक्षा जोरात.

२०१४ पासून सोफोसबुव्हिरसारख्या गोळ्या आल्या आणि चित्रच पालटलं. एचआयव्ही आणि सी दोन्ही असलेल्या ३३५ लोकांना २०१५ च्या अभ्यासात १२ आठवडे रोज एक गोळी दिली, ९६ टक्के बरे झाले. २९ वरून ९६! पण इंग्लंडमध्ये तेव्हा सोफोसबुव्हिरच्या एका कोर्सची छापील किंमत सुमारे ३५ हजार पौंड होती, म्हणून आधी सिऱ्होसिसवाल्यांचा नंबर, बाकीच्यांनी थांबायचं. ज्यांच्या अंगात सरकारी दवाखान्यातूनच व्हायरस गेला त्यांनी परत रांगेत उभं राहायचं, हे मला कितीही विचार केला तरी पटत नाही.

जुलै २०१७ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी सार्वजनिक चौकशी जाहीर केली, सर ब्रायन लँगस्टाफ प्रमुख. २० मे २०२४ ला अहवाल आला, सात खंड. त्यात म्हटलंय की हा अपघात नव्हता, बरंचसं टाळता आलं असतं, आणि वर्षानुवर्षं सत्य लपवलं गेलं. रक्तातून लागण झालेले एकूण ३० हजारांहून जास्त, मेलेले सुमारे ३ हजार. ट्रेलोरमध्ये १९७० ते १९८७ मध्ये शिकलेल्या हिमोफिलियाच्या १२२ मुलांपैकी साधारण ३० हयात. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी त्याच दिवशी संसदेत माफी मागितली, पुढे आलेल्या लेबर सरकारने ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये ११.८ अब्ज पौंड भरपाईसाठी ठेवले. भरपाईच्या नवीन हिशोबात एचआयव्ही आणि सी दोन्ही असलेल्यांचा गट वेगळा धरलाय आणि लिव्हरच्या टप्प्यानुसार रक्कम वाढते. ते बरोबरच आहे, फक्त ज्यांच्यासाठी आहे त्यातले बहुतेक गेले.

आपल्याकडे या प्रकरणातून थेट उपयोगाचं काय, तर एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाची सी टेस्ट एकदा तरी झालीच पाहिजे, सुईची नशा करणारे, थॅलेसेमियावाले, हिमोफिलियावाले, डायलिसिसवाले यांची तर पुन्हा पुन्हा. अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे व्हायरस आजही आहेच असं नाही, व्हायरसच शोधणारी आरएनए टेस्ट लागते, आणि सीडी४ फार कमी असेल तर उलट अँटीबॉडी खोटी निगेटिव्हही येऊ शकते. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सीच्या गोळ्या सरकारी सेंटरवर फुकट आहेत, गावाकडच्या लोकांना अजून माहीत नसतं, पांढरी कावीळ म्हणून झाडपाला करत बसतात. एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर, डॉल्युटेग्रॅव्हिरवाली गोळी चालू असेल तर सीची सोफोसबुव्हिर-व्हेलपाटस्व्हिर गोळी बरोबर चालते, जुनी इफाव्हिरेन्झवाली असेल तर नाही चालत कारण व्हेलपाटस्व्हिरचं प्रमाण रक्तात खाली जातं, आणि टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तरीही नाही. म्हणून एआरटीचा कागद बरोबर न्यायचाच, दोन डॉक्टरांना एकमेकांचं माहीत नसतं कधी कधी. बीची टेस्ट आधी करायची, कारण सी गेला की दबलेला बी उसळू शकतो.

आणि सिऱ्होसिस होऊन गेलेल्या माणसाचा सी बरा झाला तरी लिव्हर कॅन्सरचा धोका राहतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. ट्रेलोरचे ते जे तीसेक उरलेत, आता पन्नाशी-साठीचे, त्यांच्यातल्या सिऱ्होसिसवाल्यांचीही हीच फेरी असते, सी गेलेला, एचआयव्ही गोळीखाली दबलेला, आणि तरी वर्षातून दोनदा पोटाला जेल लावून टेबलावर पडायचं आणि स्क्रीनकडे बघणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं.